शंभर वॅट आणि सप्तशृंगीचा घाट

अकरावी-बारावीतले दोन मित्र नाताळच्या सुटीपूर्वी आपल्या शिक्षकांकडे येतात आणि विचारतात, ‘सर, आम्ही सायकलने चार दिवस जाऊन येऊ का? रात्री तंबूत राहू.’ मनमाडसारख्या गावात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. गावाच्या दक्षिणेला अंकाई-टंकाईची जोडी, तिच्या शेजारी आकाशात घुसलेली हडबीची शेंडी आणि पश्चिमेकडे एकामागून एक किल्ले मांडत गेलेली सातमाळ्याची रांग. हे सारे रोज डोळ्यांसमोर असल्यावर पाय शिवशिवणारच.

या प्रश्नाला ‘जा’ किंवा ‘नको’ असे एका शब्दाचे उत्तर देता येते. पण ‘जा’ म्हणण्यात जोखीम आहे आणि ‘नको’ म्हणण्यात एक चांगली संधी वाया जाते. तिसरे उत्तर असे : ‘आधी हिशोब करून आणा.’ नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात जी सूत्रे आहेत, जवळजवळ तेवढ्यावरच हा हिशोब होतो. त्यातून कुठे दम लागेल, किती पाणी लागेल, कुठे खाली उतरून सायकल ढकलावी लागेल आणि कोणाच्या पाठीवर किती ओझे असावे, हे निघण्यापूर्वीच बऱ्याच अंशी कळते.

उदाहरणासाठी एक फेरी घेऊ. मनमाडहून चांदवड, तेथून मुंबई-आग्रा महामार्गाने पिंपळगाव बसवंत. दुसऱ्या दिवशी वणीवरून नांदुरी. तिसऱ्या दिवशी सकाळी सप्तशृंगी गड चढून उतरायचे आणि कळवण गाठायचे. चौथ्या दिवशी देवळा, भावडबारी, चांदवड करून मनमाडला परत. एकूण अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास भरते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर रस्त्यावरून दोरा ठेवून विद्यार्थ्यांना हे अंतर स्वतः मोजू द्यावे. त्याच नकाशावर दर वीस मीटरला एक समोच्चरेषा असते. रस्ता किती रेषा ओलांडतो ते मोजले की चढही हाती येतो.

इंजिन किती शक्तीचे?

सायकलस्वार हा या यंत्राचा चालक असतो आणि त्याचे इंजिनही. थोडा सराव असलेला निरोगी तरुण तासन्‌तास ७५ ते १०० वॅट या दराने पायडलवर कार्य करू शकतो. काही सेकंदांसाठी तो याच्या कितीतरी पट शक्ती लावील, पण ती टिकत नाही. चार दिवसांच्या प्रवासात टिकणारी शक्ती हाच खरा आकडा. आपण तो शंभर वॅट धरू. जुन्या काळच्या एका मोठ्या दिव्याला जेवढी शक्ती लागे, तेवढीच ही.

इतक्या कमी शक्तीत माणूस इतका दूर जातो, कारण सायकल हे विलक्षण काटकसरी वाहन आहे. १९७३ साली एस. एस. विल्सन यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात प्राणी आणि वाहने यांची तुलना मांडली होती. चालणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला सुमारे ०.७५ किलोकॅलरी लागतात. सायकलवर हाच आकडा ०.१५ पर्यंत, म्हणजे एकपंचमांशावर येतो. शरीराचा भार खोगिरावर टेकलेला असल्याने उभे राहण्यात स्नायूंची ताकद खर्च होत नाही, आणि चाक गुळगुळीत रस्त्यावर फार थोडा विरोध सोसते.

सपाटीवरचा विरोध आणि वारा

समजा, स्वाराचे वजन ६० किलो, सायकल १६ किलो आणि सामान १४ किलो. एकूण वस्तुमान ९० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर दोन बले त्याला मागे खेचतात. पहिला चाकांचा लोटणविरोध. साध्या टायरसाठी तो भाराच्या ०.००८ पट धरला तर सुमारे ७ न्यूटन येतो आणि वेग कितीही असला तरी जवळपास तेवढाच राहतो. दुसरा हवेचा विरोध. तो मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरला तो सुमारे ६ न्यूटन, २० ला १० न्यूटन आणि २५ ला १६ न्यूटन होतो. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती, हे सूत्र वापरले की असे दिसते :

ताशी १५ कि.मी. – सुमारे ५५ वॅट
ताशी २० कि.मी. – सुमारे ९५ वॅट
ताशी २५ कि.मी. – सुमारे १६० वॅट

वेग पंधरावरून वीसवर नेला, म्हणजे एकतृतीयांशाने वाढवला, तर शक्ती पावणेदोन पट लागते. आपल्या शंभर वॅटच्या इंजिनाला ताशी वीस ही कमाल मर्यादा आहे, आणि ताशी पंधरा ही दिवसभर निभेल अशी चाल. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात ताशी पंचवीसने निघालेली जोडी दुपारपर्यंत का गळून जाते, त्याचे उत्तर या तीन ओळींत आहे.

आता समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा सुटला असे समजा. झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलाव्यात एवढाच हा वारा. आपणही ताशी पंधराने जात असलो तर अंगावर येणारी हवा ताशी तीसची होते आणि विरोध चौपट होतो. तीच चाल ठेवायला आता ५५ ऐवजी १२५ वॅट लागतात. चाल ताशी दहावर आणली तर ६५ वॅटमध्ये निभावते. वारा पाठीमागून असेल तर तीसच वॅट पुरतात.

आपल्या फेरीत याला विशेष महत्त्व आहे. हिवाळ्यात या भागात वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून असतो. जाताना दिशा पश्चिमेची, म्हणजे वारा पाठीशी. चौथ्या दिवशी कळवणहून मनमाडकडे येताना तोच वारा समोर, शिवाय पाय तीन दिवसांचे दमलेले. म्हणून शेवटचा दिवस सगळ्यांत लवकर सुरू व्हायला हवा. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची थंड, जड हवा खालीच पडून राहते आणि वरच्या वाऱ्याशी तिचा फारसा संबंध येत नाही. सकाळी उशिरा ऊन तापले की हवा वरखाली ढवळली जाते आणि वरचा वारा जमिनीपर्यंत पोचतो. पहाटेनंतरचे तीन-चार तास शांत मिळतात ते यामुळे.

वाऱ्यात मित्राचा उपयोगही होतो. पुढच्याच्या आडोशाला राहणाऱ्याचा हवाविरोध एकतृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो. शांत हवेत याने फारसा फरक पडत नाही, समोरच्या वाऱ्यात मात्र बराच पडतो. त्यासाठी दर पाच-दहा मिनिटांनी पुढचा-मागचा पालटावा. पण आडोसा घ्यायचा म्हणजे चाकाला चाक लावून चालवावे लागते, आणि ते महामार्गावर अजिबात करू नये. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे मोठे डेपो आहेत, त्यामुळे या बाजूच्या रस्त्यांवर टँकरची वर्दळ असते. मोठे वाहन शेजारून जाताना हवा आधी बाहेर ढकलते आणि मग आत ओढते. त्या हिसक्यात सायकल हातभर सरकते. तेव्हा दोघांत पुरेसे अंतर, भडक कपडे, हेल्मेट आणि मागे लाल दिवा हवाच.

दहा किलोमीटर, पाचशे मीटर

नांदुरीपासून गडावरच्या वस्तीपर्यंत सुमारे दहा किलोमीटरचा घाट आहे आणि उंची साधारण पाचशे मीटरने वाढते. म्हणजे सरासरी चढ वीसास एक, किंवा पाच टक्के. डोळ्याला तो फार वाटत नाही, पायांना वाटतो.

९० किलोचा भार सुमारे ८८० न्यूटन. पाच टक्के चढावर त्यातला विसावा भाग, म्हणजे ४४ न्यूटन, मागे खेचतो. त्यात लोटणविरोधाचे ७ मिळवले की ५१ न्यूटन. सपाटीवर ताशी पंधराने जाताना एकूण विरोध १३ न्यूटन होता, इथे तो चौपट झाला. शंभर वॅटमध्ये आता ताशी सात किलोमीटर एवढाच वेग मिळतो. दहा किलोमीटरला सुमारे ८५ मिनिटे लागतात. या वेगाला हवेचा विरोध नगण्य असतो.

सामानाचा खरा भाव इथे कळतो. सपाटीवर दहा किलो जास्तीचे ओझे ताशी पंधराच्या चालीला जेमतेम तीन-चार वॅट मागते. या घाटात तेच दहा किलो एकूण कार्यात अकरा टक्क्यांची भर घालतात, म्हणजे जवळजवळ दहा मिनिटे. आदल्या दिवशी सपाटीवर काहीच न वाटलेले पुस्तक, जास्तीचे पातेले आणि जाड सतरंजी घाटात बोलू लागतात. गड चढून त्याच वाटेने उतरायचे असेल तर तंबू आणि भांडी नांदुरीलाच एखाद्या ओळखीच्या घरी ठेवून जाणे शहाणपणाचे.

घाटाचा चढ सगळीकडे सारखाही नसतो. सातमाळ्याचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचे बनले आहेत. कठीण थरांचे कडे उभे राहिले, मऊ थर झिजून उतार झाले, आणि डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला. रस्ताही या पायऱ्यांशी जुळवून घेतो. काही ठिकाणी सुखाने जातो, काही वळणांवर एकदम उभा होतो.

गिअर काय करतो?

नेहमीच्या काळ्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सुमारे २.४ फेरे घेते. चाकाचा परीघ २.२ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. पाच टक्के चढावर त्यासाठी ५१ गुणिले ५.४, म्हणजे सुमारे २७५ ज्यूल कार्य करावे लागते. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटरचा, म्हणजे पाऊल एका फेऱ्यात १.०७ मीटर फिरते. भागाकार केला की पायडलवर सरासरी २५७ न्यूटन, म्हणजे २६ किलोच्या वजनाइतके बल हवे. पायडल वर आणि खाली असताना बल फारसे लागू पडत नाही, त्यामुळे मधल्या स्थितीत ते ४० किलोपर्यंत जाते. ताशी सातच्या वेगाला मिनिटाला फेरे होतात बावीस. हळूहळू, पण प्रत्येक फेऱ्याला सारी ताकद लावून.

पुढे २८ आणि मागे २८ दाते असलेला गिअर घेतला तर एका फेऱ्यात सायकल २.२ मीटरच जाते. सरासरी बल अकरा किलोच्या वजनाइतके उरते आणि फेरे मिनिटाला त्रेपन्न होतात. एकूण कार्य तेवढेच, शक्तीही तीच. गिअर शक्ती वाढवत नाही. तो बल आणि अंतर यांची अदलाबदल करतो. तरफेबद्दल आपण वर्गात जे सांगतो तेच इथे पायाखाली अनुभवायला मिळते. स्नायूंना मात्र हा फरक मोठा असतो, कारण थोड्या बलाची पुष्कळ आकुंचने ते मोठ्या बलाच्या थोड्या आकुंचनांपेक्षा जास्त वेळ सहन करतात. ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ साली सुरू झाली, पण तिच्यात आजच्यासारखे चेन सरकवणारे गिअर वापरायला परवानगी मिळाली १९३७ साली.

चढ दहा टक्क्यांवर गेला की साध्या सायकलीच्या पायडलवर सरासरी बलच ४९ किलोच्या वजनाइतके लागते. ६० किलोच्या मुलाने पायडलवर उभे राहून सारे वजन टाकले तरी फेरा पुरा होणे कठीण. गिअर असला तरी शंभर वॅटमध्ये वेग ताशी चार किलोमीटरहून कमीच मिळतो, आणि ती चालण्याची गती झाली. अशा वळणावर उतरून सायकल ढकलण्यात वेळेचे काहीच नुकसान होत नाही. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे उतरणाऱ्याला कमीपणा वाटत नाही.

दोघांचा वेग कोणता?

दोन मित्र क्वचितच सारख्या ताकदीचे असतात. समजा, एकाचे वजन ७५ किलो आणि टिकणारी शक्ती १२० वॅट. दुसऱ्याचे वजन ५० किलो आणि शक्ती ८० वॅट. सायकली १६-१६ किलोच्या. सामान एकूण २८ किलो. बहुतेक जोड्या ‘न्याय’ म्हणून ते चौदा-चौदा किलो वाटून घेतात. मग घाटात थोरला ताशी ७.२ किलोमीटरने आणि धाकटा ६.३ ने जातो. दहा किलोमीटरला पहिल्याला ८३ मिनिटे लागतात, दुसऱ्याला ९५. थोरला वर बारा मिनिटे थांबतो, घाम वाळून गारठतो. धाकटा आपल्यामुळे उशीर होतो म्हणून घाईने चढतो, दमतो आणि थांबल्याबरोबर थोरला पुन्हा निघतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची जास्त गरज, त्यालाच ती कमी मिळते.

आता सामान असे वाटू की दोघांचा वेग सारखा व्हावा. त्यासाठी एकूण वस्तुमान शक्तीच्या प्रमाणात, म्हणजे दीडास एक, असायला हवे. थोरल्याकडे क्ष किलो दिले तर ९१ + क्ष हे ९४ – क्ष च्या दीडपट. समीकरण सोडवले की क्ष = २०. थोरल्याकडे वीस किलो, धाकट्याकडे आठ. दोघेही ताशी ६.९ किलोमीटरने चढतात आणि ८७ मिनिटांत बरोबर पोचतात. जोडी म्हणून आठ मिनिटे वाचली आणि वाटेत मन कडू व्हायचे कारणच उरले नाही. नववीच्या वर्गात एकचल समीकरणाला याहून बरे उदाहरण शोधावे लागेल.

शक्ती मोजायला यंत्र नसले तरी चालते. मनमाडहून अंकाईपर्यंत सराव-फेरी करावी, एखाद्या चढावर दोघांचा वेळ सारख्या सामानासह घड्याळाने मोजावा. चढाची उंची, वस्तुमान आणि वेळ यांवरून शक्ती काढता येते. चढताना स्वाराला एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते का, हेही पाहावे. येत नसेल तर तो टिकणाऱ्या शक्तीच्या वर गेला आहे.

भाकरी, घाम आणि पाणी

घाट चढण्याचे यांत्रिक कार्य सुमारे ५१० किलोज्यूल. स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्सा कार्यात बदलतात. म्हणजे अन्नातून २,०४० किलोज्यूल, अर्थात सुमारे ४९० किलोकॅलरी हव्यात. सत्तर ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्यांइतक्या. दिवसभरात पाच तास सरासरी ७५ वॅटने सायकल चालवली तर रोजच्या जेवणावर पाच भाकऱ्यांची भर लागते. शरीरातला साखरेचा साठा मर्यादित असतो, म्हणून भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला केळे, गूळ-शेंगदाणे किंवा लाडू खावा.

उरलेली तीनचतुर्थांश ऊर्जा, सुमारे १,५३० किलोज्यूल, उष्णता होते. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घामाचे बाष्पीभवन. एक किलो घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल घेऊन जातो. म्हणजे या एका घाटात दोनतृतीयांश लिटर घाम अंगावरच वाळायला हवा. जो ओघळून जमिनीवर पडतो तो शरीराला गार करत नाही. घाटात वेग कमी असल्याने अंगावर वारा लागत नाही, म्हणून तिथेच सर्वांत जास्त उकडते.

हा डिसेंबरचा हिशोब झाला. मे महिन्यात या भागात दुपारची हवा चाळिशीच्या घरात जाते. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून तापली की ती उष्णता घेण्याऐवजी द्यायलाच लागते, वर उन्हाची भर वेगळी. घामाची गरज कितीतरी वाढते, आणि शरीर तासाला एका मर्यादेपर्यंतच घाम निर्माण करू शकते. ती मर्यादा ओलांडली की शरीराचे तापमान चढू लागते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही पहिली लक्षणे. असंबद्ध बोलणे किंवा तोल जाणे ही उष्माघाताची खूण असते आणि तो जिवावरचा प्रसंग आहे. सावलीत नेऊन, कपडे ओले करून, वारा घालून लगेच अंग गार करावे आणि तसेच करत रुग्णालय गाठावे. उन्हाळ्याच्या सुटीत या फेरीला ‘नको’ म्हणण्याचे कारण हे आहे.

पाण्याची टंचाई मनमाडकरांना सांगायला नको. वाटेतल्या गावांतही उन्हाळ्यात पाणी मागताना संकोच वाटतो. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझे, हेही विसरता येत नाही. हिवाळ्यात प्रत्येकी तीन लिटर घेऊन निघावे आणि गाव लागेल तिथे भरून घ्यावे. फार घाम गेल्यावर नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातले मीठ पातळ होते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे घरगुती मिश्रण जवळ असावे. लघवीचा रंग गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

उतार

चढताना साठवलेली ४४० किलोज्यूल स्थितिज ऊर्जा उतरताना परत मिळते, पण ती हवी तेव्हा, हवी तेवढी मिळत नाही. पाच टक्के उतारावर ब्रेक न लावता सोडलेली सायकल ताशी ३८ किलोमीटरला स्थिरावते, आठ टक्क्यांवर ५० ला. चांगल्या ब्रेकने दर सेकंदाला तीन मीटर प्रतिसेकंद एवढा वेग कमी होतो आणि भानावर यायला एक सेकंद जातो, असे धरले तर ताशी ३८ वरून थांबायला सुमारे ३० मीटर लागतात. ताशी वीसवरून अकरा मीटर पुरतात. घाटातल्या आंधळ्या वळणावर पुढचे तीस मीटर दिसत नाहीत.

वेग रोखला की ऊर्जा रिम आणि ब्रेकच्या रबरात उष्णता होऊन जाते. सारखा ब्रेक दाबून ठेवल्यास रिम तापते, रबर मऊ पडते आणि पकड सुटते. म्हणून ब्रेक दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा आणि मध्ये थांबून रिम निवू द्यावी. ओल्या लोखंडी रिमवर पकड फारच कमी होते. सायकलीला दोन्ही ब्रेक नीट नसतील तर घाटाचा बेत रद्द, हा नियम निघण्यापूर्वीच ठरवावा.

तंबूतली रात्र

हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे प्रारणाने सोडते. जवळच्या निफाडची थंडी द्राक्षबागायतदारांना चांगली माहीत आहे. थंड हवा जड असल्याने रात्री खोलगट जागी उतरून साचते. तेव्हा तंबू ओढ्याच्या पात्रात कधीच लावू नये, काठापासून थोड्या उंचीवर लावावा. पुराच्या दृष्टीनेही तेच बरे. शाळेचे मैदान किंवा देवळाचे आवार विचारून घेतले तर रात्र निर्धास्त जाते. अंगावरच्या पांघरुणापेक्षा अंगाखालचा थर महत्त्वाचा, कारण शरीराच्या भाराने दबलेल्या पांघरुणात हवा उरत नाही आणि उष्णता सरळ जमिनीत जाते. सुकलेला पेंढा किंवा पोती चालतात.

सकाळी तंबू आतून ओला का होतो, हाही छान प्रश्न आहे. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला तीस-चाळीस ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. दोघांचे आठ तासांत अर्धा लिटर होते. दहा अंश तापमानाला एक घनमीटर हवेत नऊ-साडेनऊ ग्रॅमच बाष्प मावते. तीन घनमीटरच्या तंबूत तीस ग्रॅमसुद्धा मावत नाही. बाकीचे थंड कापडावर जमते. म्हणून थंडी असली तरी तंबूचे तोंड थोडे उघडे ठेवावे. आणि तंबूत चूल किंवा स्टोव्ह कधीही पेटवू नये. बंद जागेत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

किती अंतर म्हणजे मोठा प्रवास?

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे ती पूर्ण करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर. दिवस मोजले तर १,६१६. भागाकार करा : दिवसाला सरासरी ४४ किलोमीटर. वाळवंटे, आजारपण, दुरुस्त्या, मुक्काम सगळे त्यात आले. आपल्या फेरीची सरासरी यापेक्षा जास्त, पंचावन्नच्या पुढे आहे. ‘रोज शंभर किलोमीटर मारू’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे हा भागाकार ठेवावा.

तेव्हा परवानगी देण्याआधी विद्यार्थ्यांकडून एक कागद भरून घ्यावा. प्रत्येक दिवसाचे अंतर, चढ, लागणारे तास आणि पाणी. कोणाकडे किती किलो. पंक्चरचे सामान, जादा ट्यूब आणि पंप कोणाकडे. रोज संध्याकाळी घरी फोन कधी. डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तासांचा असतो, म्हणून दुपारी तीनपर्यंत ठरलेले ठिकाण आवाक्यात नसेल तर वाटेतल्या गावीच थांबायचे. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा : दोघांपैकी एकाने ‘आता पुरे’ म्हटले की त्यावर चर्चा करायची नाही, तिथेच थांबायचे. वर पाहिले तसे, जोडीचा वेग आणि जोडीची मर्यादा दमलेला ठरवतो. परतीसाठी नाशिक-मनमाड बाजूला एस.टी. आहे, रेल्वे आहे. त्यांचे भाडे वेगळे काढून पाकिटात ठेवावे.

परत आल्यावर कागदावरचे आकडे आणि प्रत्यक्षातले आकडे शेजारी मांडून वर्गाला दाखवायला सांगावे. नांदुरीच्या घाटाला ८७ ऐवजी ११० मिनिटे लागली असतील, तर ती तेवीस मिनिटे कुठे गेली? विसाव्यात, कमी हवेच्या टायरमध्ये, की आदल्या दिवशीच्या थकव्यात? वणीच्या बाजूचे पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला आणि कळवणच्या बाजूचे गिरणा-तापीतून अरबी समुद्राला जाते. मग हा जलविभाजक आपण नेमका कुठल्या वळणावर ओलांडला? असे प्रश्न घेऊन दोघे परत आले, तर पुढच्या वर्षी परवानगी मागणाऱ्या जोडीला त्यांचाच कागद नमुना म्हणून देता येईल.